बीदरची तीन हजार पुस्तके

युरोपातील प्रबोधनकाळ म्हटला की चित्रकार व शिल्पकार यांचीच नावे आपल्या मुलांच्या तोंडी येतात. पण त्या काळच्या विद्येचे पोषण झाले ते ग्रंथालयांत. फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात कोसिमो मेदिचीने विद्वानांना खुला असा ग्रंथसंग्रह उभा केला. कार्डिनल बेसारिऑनने आपली ग्रीक हस्तलिखिते १४६८ मध्ये व्हेनिस शहराला देऊन टाकली. पोप चौथा सिक्स्टस याने १४७५ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयाची रीतसर स्थापना केली.

या सालांशेजारी आपल्या दख्खनचे एक साल ठेवावे. १४७२ मध्ये बीदर येथे ख्वाजा महमूद गवान याचा मदरसा बांधून झाला. इराणातील गीलानहून व्यापारी म्हणून आलेला हा गृहस्थ बहमनी राज्याचा वजीर झाला. मदरशात मशीद, व्याख्यानाची दालने, विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि ग्रंथालय होते. ग्रंथांची संख्या तीन हजार सांगितली जाते. कवी जामी याच्याशी गवानचा पत्रव्यवहार होता.

१४८१ मध्ये शत्रूंनी बनावट पत्र रचले व सुलतानाने या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. पुढे त्याची मालमत्ता तपासली तेव्हा खाजगी रोकड अगदी थोडी निघाली. आणि ग्रंथ? ते विद्यार्थ्यांसाठी आहेत, असे खजिनदाराने सांगितल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराच्या आधारे सांगितले जाते. मला तरी ही गोष्ट मिनारापेक्षा मोठी वाटते.

तीन हजार ही संख्या आज लहान भासेल. पण हे सारे हाती लिहिलेले ग्रंथ होते. एक पोथी सिद्ध करावयाची म्हणजे काय, हे आपल्या जांबच्या लोकांना निराळे सांगावयास नको. येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात कागद, शाई, लेखणी व बांधणी यांवर एक सबंध समास लिहिला आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात मुसलमान कारागीर हातकागद करीत.

युरोपात १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गचे छापील बायबल निघाले. त्यानंतर एका ग्रंथाच्या शेकडो प्रती निरनिराळ्या गावी राहू लागल्या. हिंदुस्थानात छापखाना आला तो १५५६ मध्ये, गोव्यास. तोवर हस्तलिखित जळाले किंवा भिजले, की पुष्कळदा ती विद्याच गेली. बीदरच्या मदरशात १६९६ मध्ये दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. दोन मिनारांपैकी एक आज उभा आहे; त्यावरच्या रंगीत कौलांचे काही तुकडे अजून दिसतात.