पुलावर घड्याळ बदलतं, रेडिओ बदलत नाही

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना इकडेतिकडे गेलेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी तसंच ठेवलंय.

आज आपण जाणार आहोत दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर. तिथे टिटिकाका नावाचं प्रचंड सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मीटर उंचीवर. सीमारेषा या सरोवराच्या पाण्यातूनच जाते. सरोवरातून देसाग्वादेरो नदी बाहेर पडते आणि तिच्या दोन्ही काठांवर त्याच नावाचं गाव आहे. अलीकडचं देसाग्वादेरो पेरूत, पलीकडचं बोलिव्हियात, मध्ये पूल. पूल ओलांडला की चलन बदलतं, पोलीस बदलतात आणि घड्याळही एक तासाने पुढे जातं, कारण बोलिव्हियाची वेळ पेरूच्या एक तास पुढे आहे.

भाषा मात्र बदलत नाही. दोन्हीकडे आयमारा बोलतात. पेरू, बोलिव्हिया आणि चिली मिळून या भाषेचे बोलणारे वीस लाखांच्या आसपास आहेत. बोलिव्हिया हा देश 1825 साली जन्माला आला. आयमारा लोक त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होते. म्हणजे हे लोक सीमेवर जाऊन राहिले नाहीत, सीमाच त्यांच्या वस्तीतून काढली गेली.

याच लोकांच्या एका रेडिओ केंद्राची ही गोष्ट. नाव रेडिओ सान गाब्रिएल, सुरुवात 1955, ठिकाण बोलिव्हियातलं पेन्यास हे छोटं गाव. या गावाला आधीचा एक इतिहास आहे. 1781 मध्ये तुपाक कातारी या आयमारा पुढाऱ्याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला आणि ला पाझ शहराला कित्येक महिने वेढा घातला. उठाव मोडल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला पेन्यासमध्येच हालहाल करून मारलं. जिथे आयमारांचा आवाज बंद केला, तिथूनच पुढे आयमारा रेडिओ सुरू झाला. मुद्दाम रचल्यासारखं वाटतं, पण तसंच घडलं.

आता गंमत अशी, की केंद्र सुरू करणाऱ्यांना आयमारांचा आवाज वगैरे व्हायचं नव्हतं. ते होते मेरिनॉल या अमेरिकन कॅथलिक संघाचे धर्मगुरू. त्यांना शेतकऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवायचं होतं आणि धर्मशिक्षण द्यायचं होतं. काळ बघा. 1952 ची क्रांती होऊन गेली होती. त्याआधी लिहिता-वाचता येत नसेल तर मतदान करता येत नव्हतं, ती अट क्रांतीने काढली. 1953 मध्ये जमीन सुधारणा आली. पण 1955 च्या नव्या शिक्षण कायद्याचा रोख मूळनिवासींना स्पॅनिशकडे नेण्याचा होता. शिक्षण घ्या, म्हणजे स्पॅनिश शिका, म्हणजे हळूहळू आयमारा सोडा, असा तो हिशोब.

रेडिओवरच्या शाळेचा नमुना कोलंबियातून आला होता. तिथे 1947 मध्ये सुतातेन्सा गावात एका पाद्र्याने रेडिओ शाळा सुरू केली होती. गावात एक रेडिओ संच, भोवती बसलेले शेतकरी आणि त्यांना मदत करणारा गावातलाच एखादा साक्षर माणूस. शिक्षक दूर स्टुडिओत.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण माझ्यासारख्या इंजिनिअरला राहवत नाही. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात चालतात, डोंगर आडवा आला की संपलं. मध्यम लहरी जमिनीला धरून बऱ्याच लांब जातात आणि रात्री आणखी दूर. लघुलहरी तर वर आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. सान गाब्रिएल लघुलहरींवर 6080 किलोहर्ट्झला लागायचं. आकाशवाणी ऐकलेल्या आपल्या आजोबांच्या भाषेत 49 मीटर बँड. असा सिग्नल सीमेवर कागदपत्रं दाखवायला थांबत नाही. त्यामुळे बोलिव्हियातून निघालेला कार्यक्रम दक्षिण पेरूत आणि चिलीच्या उत्तर टोकालाही ऐकू यायचा. पेरूच्या बाजूने पुनो शहरात 1958 मध्ये रेडिओ ओन्दा आसुल सुरू झालं. तेही आयमारा आणि केचुआत बोलतं.

पुढे संच स्वस्त झाले, ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओ शेतात पोचला. मग श्रोत्यांनी या केंद्राचा असा वापर सुरू केला, जो धड्यांच्या वहीत नव्हता. तो म्हणजे निरोप. फोन नाही, रस्ते वाईट, टपालाचा भरवसा नाही. समजा, कुणाची आई आजारी आहे आणि मुलगा शहरात कामाला आहे. केंद्रावर जायचं, निरोप द्यायचा, तो आयमारात वाचला जायचा. मृत्यूची बातमी, ग्रामसभेची वेळ, हरवलेलं जनावर, सगळं त्यातच. पुलाच्या पेरूकडच्या माणसाला निवेदकाने सांगितलेल्या वेळेतून एक तास वजा करावा लागणार, एवढाच काय तो सीमेचा अडथळा.

मला वाटतं, खरा बदल इथे झाला. धडा ऐकणारा माणूस विद्यार्थी असतो. निरोप देणारा माणूस त्या रेडिओचा मालक झालेला असतो, कागदोपत्री नसला तरी. लोक रेडिओतून आपापसांत बोलायला लागले, आणि ते स्पॅनिशमध्ये थोडेच बोलणार?

केंद्रही बदललं. 'आयमारा लोकांचा आवाज' हे त्याचं बिरुद झालं, केंद्र ला पाझच्या वरच्या अंगाला एल आल्तो शहरात आलं. इतकंच नाही, तिथे आयमारा भाषेचा वेगळा विभाग झाला. प्रसारणात स्पॅनिश शब्द घुसतात का, याच्यावर हा विभाग कान ठेवून असायचा आणि त्यांना आयमारा पर्याय सुचवायचा. म्हणजे स्पॅनिशकडे नेण्याच्या काळात जन्मलेलं केंद्र आता स्पॅनिश गाळत होतं! बाजारात, मिनीबसमध्ये लोक मात्र दोन्ही भाषा मिसळूनच बोलतात. या भागात मी स्वतः किती वेळा 'सिग्नल' म्हटलं ते मोजू नका. शुद्ध भाषेच्या हट्टात आपलाच श्रोता परका व्हायचा धोका असतो. पण ज्यांना शतकानुशतकं तुमची भाषा अर्धीमुर्धी आहे असं ऐकवलं गेलं, त्यांना आपल्या भाषेत अख्खी बातमी देता येते हे दाखवावंसं वाटणं मला समजतं.

आणि मग आलं 2003. सप्टेंबरात आयमारा शेतकरी नेत्यांनी उपोषण सुरू केलं, पुढारी होते फेलिपे किस्पे. उपोषणाची जागा कुठली? एल आल्तोतलं रेडिओ सान गाब्रिएल. संसदेसमोर नाही, चर्चमध्ये नाही, रेडिओ केंद्रात. अटकेत असलेल्या एका गावपुढाऱ्याची सुटका ही पहिली मागणी होती. तिला पुढे देशाचा नैसर्गिक वायू चिलीच्या बंदरातून बाहेर विकायला असलेला विरोध येऊन मिळाला. 20 सप्टेंबरला वारिसाता गावात लष्कराच्या कारवाईत माणसं मेली, त्यांत आठ वर्षांची एक मुलगी होती. ऑक्टोबरात एल आल्तो बंद पडलं, गोळीबार झाले, मृतांचा आकडा साठच्या वर गेला. 17 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा राजीनामा देऊन देश सोडून गेले.

हे सगळं रेडिओने घडवलं असं मी म्हणणार नाही. लोकांनी घडवलं आणि त्याची किंमतही लोकांनीच मोजली. पण उपोषणाला बसताना त्यांनी जी जागा निवडली, ती मला बरंच काही सांगते. माणूस अडचणीत असला की आपल्या माणसांकडे जातो. जवळजवळ पन्नास वर्षांत ते केंद्र आपलं झालं होतं.

आमच्या धंद्यात कुठलंही नेटवर्क बांधलं की किती लोकांपर्यंत पोचलं ते मोजतात. सान गाब्रिएलच्या गोष्टीमुळे मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: त्या लोकांना उलट बोलता येतं का, आणि स्वतःच्या भाषेत येतं का? बोलिव्हियाच्या 2009 च्या राज्यघटनेने आयमारासकट 36 मूळनिवासी भाषांना राजभाषा मानलं. रेडिओवर त्यातली एक भाषा त्याआधीच राज्य करत होती.

तुमच्या घरी जुना, मीटर बँडवाला रेडिओ असेल तर त्याची आठवण जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.