अपयशाचे आंकडे

कल्याणहून अंबरनाथ व बदलापूर या गांवांवरून खोपोलीकडे जाणारा आगगाडीचा मार्ग १८५६ सालीं खुला झाला. त्याच मार्गालगतचें उल्हासनगर १९४९ सालीं वसलें. गाड्यांची वर्दळ वाढत गेली तसतशी रेल्वेच्या लोकांस एक गोष्ट उमगली, ती ही कीं, ‘सर्व ठीक आहे’ हें कळविणें सोपें. परंतु बिघाड नेमका कोणता, हें क्षणांत व निःसंदिग्धपणें कळविणें कठीण. म्हणून भारतीय रेल्वेच्या नियमांत दोन स्टेशनांमधील घंटेच्या ठोक्यांची परिभाषाच ठरली. दोन ठोके म्हणजे ‘मार्ग मोकळा आहे काय?’, पांच म्हणजे ‘मागील निरोप रद्द’, सहा म्हणजे ‘धोका’. सहांनंतर किंचित् थांबून आणखी दोन पडल्यास गाडी शेवटच्या दिव्यावांचून गेली, तीन पडल्यास ती तुटून तिचे भाग झाले, असें समजावें. शिवाय पलीकडच्या स्टेशनानें तितकेच ठोके परत द्यावयाचे, तेव्हांच निरोप पोंचला असें मानावयाचें.

गणकयंत्रांच्या सृष्टींतहि हाच प्रश्न उभा राहिला. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ नामक कार्यप्रणालीचा पाया घातला. यंत्रावरील प्रत्येक प्रोग्राम आपलें मागणें या कार्यप्रणालीपुढें मांडतो. तें नाकारलें गेल्यास उत्तरादाखल एक आंकडा मिळतो. २ म्हणजे अशी फाइलच नाहीं. ५ म्हणजे वाचन-लेखनांत बिघाड. १३ म्हणजे परवानगी नाहीं. हा आंकडा ‘एर्नो’ या एकाच जागीं ठेवण्याची रूढी पडली. तींत दोन वैगुण्यें होतीं. तो तत्काळ वाचला नाहीं तर पुढील अपयशाचा आंकडा त्यावर लिहिला जाई. आणि प्रत्येक कार्यप्रणालीचा आंकडेकोश निराळा असे. विंडोजमध्यें ५ म्हणजे ‘परवानगी नाहीं’. रेल्वेच्या घंटेंत जो ‘रद्द’, युनिक्समध्यें जो ‘बिघाड’, तोच येथें ‘मज्जाव’! तात्पर्य, कोणाच्या कोशांतला हें ठाऊक असल्यावांचून आंकड्यास अर्थ नाहीं.

१९८८ च्या ‘पॉझिक्स’ प्रमाणानें युनिक्सच्या निरनिराळ्या शाखांस सामाईक नांवें दिलीं. पुढें बीमन डॉस यांनीं ‘बूस्ट’ या सी प्लस प्लस भाषेच्या ग्रंथालयांत अधिक व्यापक तोड काढली, व २०११ सालीं ती त्या भाषेच्या प्रमाणांत समाविष्ट झाली. तींत आंकडा कधींच एकटा फिरत नाहीं. तो कोणत्या कोशांतला, ही खूण त्याच्या सोबतच असते. प्रोग्रामानें केवळ ‘परवानगी नाकारली काय?’ असें विचारावें. युनिक्सचे १३ असोत वा विंडोजचे ५, ताडून पाहण्याचें काम ग्रंथालयाचें. मूळ आंकडाहि पुसला जात नाहीं, कारण दुरुस्ती करणारास त्याचीच गरज असते.

तथापि निरोप पोंचविणें निराळें आणि त्यावरून योग्य तें समजणें निराळें. २०१८ सालीं ‘पोस्टग्रेस’ या प्रसिद्ध माहितीसंग्रहाच्या कर्त्यांस आढळलें कीं, डिस्कवर लिहितांना बिघाड झाल्यास लिनक्स तो एकदांच कळवी. त्यांचा प्रोग्राम पुन्हां प्रयत्न करी. दुसऱ्या वेळीं ‘ठीक’ असें उत्तर येई, आणि नोंदी मात्र डिस्कवर उतरलेल्याच नसत. २०१९ मध्यें त्यांनीं रीत बदलली: असा बिघाड कळतांच काम थांबवावें, व आधीं लिहून ठेवलेल्या रोजनिशीवरून संग्रह पुन्हां उभा करावा.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. बदलापूरचा प्रवासी मोबाइलवर तिकीट काढतो, तेव्हां बँक व तिकीट यांमध्यें अनेक यंत्रें उभीं असतात. त्यांपैकीं एकानें दिलेला नकार दुसऱ्यानें गिळला, तर पैसे जातात आणि तिकीट येत नाहीं. म्हणूनच ठोके परत देण्याचा रेल्वेचा तो जुना नियम आजहि उपयोगाचा आहे.