चाकूचे पाते, खटका आणि मूठ

इतिहास म्हटला की आपल्याला तलवार आठवते; चाकू कोणाला आठवत नाही. तलवारीने राज्ये मिळवली आणि घालवली, हे खरे. परंतु बोरूला टोक करणे, फळ चिरणे, दोरी तोडणे, झाडाचे कलम बांधणे ही माणसाची रोजची कामे चाकूनेच केली. त्यातही मिटता चाकू हा मोठा चतुर शोध होय. जे कापते ते खिशात बाळगायचे आणि तरी स्वतःचे बोट शाबूत ठेवायचे, हा प्रश्न त्याने सोडवला. या प्रश्नाची अंगे तीन: पाते जागी कशाने धरावे, मूठ कशाची असावी आणि पोलाद कोणते घ्यावे.

पहिले अंग खटक्याचे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा, हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सापडला आहे. अशा जुन्या चाकूंत पाते एका खिळ्यावर फिरे आणि निव्वळ घर्षणाने जागी राही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांनी मुठीच्या पाठीत पोलादी कमान बसवली. ती पात्याला उघडेही धरी आणि मिटलेलेही. पण कमान म्हणजे कुलूप नव्हे. पात्याच्या पाठीवर जोर पडला की ते मिटून बोटावर येईच. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० साली साधा, लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू घडवला. त्याला फिरते कडे बसवून पाते पक्के करण्याची युक्ती त्याच घराण्यातून १९५५ साली निघाली. अमेरिकेत १९६४ पासून पाठीमागून अडकणाऱ्या दांडीचा खटका बक कंपनीच्या चाकूने लोकप्रिय केला. १९८० च्या सुमारास मायकेल वॉकर या कारागिराने मुठीच्या आतील पत्र्यालाच कमान करून ती पात्याच्या बुडाशी टेकवली. आपल्याकडे रामपुरी चाकूच्या खटक्याचा आवाज हिंदी चित्रपटांनी घरोघर पोहोचवला. मात्र ज्या खटक्याने बोट वाचवायचे, त्याला तेथे धाक दाखवण्याचे काम मिळाले!

दुसरे अंग मुठीचे. ओल्या हातातून जी निसटत नाही, जी भेगाळत नाही आणि पाण्याने फुगत नाही, ती मूठ चांगली. म्हणून हाड, शिंग, शिंपला, हस्तिदंत, शिसवी, असे नाना पदार्थ वापरात आले. शेफील्ड आणि जर्मनीतील सोलिंगेन येथील कारागिरांना आपल्या सांबराचे शिंग फार प्रिय होते, कारण ते भरीव असते आणि त्याच्या खडबडीत पाठीवर पकड घट्ट बसते. पुढे वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी भारताने त्याची निर्यात बंद केली. आज काचतंतू आणि राळ यांच्या दाबून केलेल्या पाट्या ते काम करतात. त्यांना सौंदर्य कमी असेल, पण त्यांपायी कोणा मुक्या प्राण्याचा जीव जात नाही.

आता तिसरे अंग, पोलादाचे. आणि येथे आपला संबंध अधिक निकटचा आहे. दक्षिण भारतात, विशेषतः आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या गावी, लोखंड व लाकडाचे तुकडे मातीच्या बंद मुशीत घालून दीर्घकाळ तापवीत. त्यातून निघे ते ‘उक्कू’ पोलाद. युरोपात त्याचेच ‘वूट्झ’ झाले. मुंबईस राहणारे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठवले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. पण नुसता निबंध वाचून ते थांबले नाहीत. त्यांनी जेम्स स्टोडार्ट या चाकू करणाऱ्या कारागिराला त्या पोलादाचा खिशातला चाकू घडवायला सांगितले. हे पोलाद फार तापले की हातोड्याखाली फुटते; म्हणून स्टोडार्टने ते काळोखातच दिसेल इतक्या मंद लालीवर घडवले, त्याला पाणी दिले आणि अनेक कामांना हे इंग्लंडच्या पोलादाहून सरस आहे, असा अभिप्राय दिला. पुढे १८२० च्या सुमारास याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे यांनी पोलादात निरनिराळे धातू मिसळून प्रयोग केले. फॅरडे स्वतः लोहाराचेच पुत्र होते!

जवळजवळ शतकानंतर, १९१३ साली, शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे तेरा टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. शोध चालला होता बंदुकीच्या नळ्यांसाठी. हाती आले न गंजणारे पाते. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिसूक्ष्म पापुद्रा बनतो आणि तो गंजाला आत शिरू देत नाही. हे ब्रिअर्लीही पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचे पुत्र. आरंभी कारागिरांनी त्यांची ‘न कापणाऱ्या चाकूंचा शोधक’ म्हणून थट्टा केली. परंतु अर्नेस्ट स्टुअर्ट या चाकूंच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाने ते नेटाने घडवून पाहिले आणि शोध व्यवहारात उतरला.

या हकिकतीत आपल्याला बोचणारे काहीतरी आहे. उक्कू करणाऱ्या आपल्या लोहारांचा हात कोणाहून कमी नव्हता. पण त्यांची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडीच गेली. विद्वानांनी त्यांच्या भट्टीशी बसून ‘हे असे का होते?’ म्हणून विचारले नाही, आणि लोहारालाही ते लिहून ठेवण्याची सोय मिळाली नाही. परदेशी स्वस्त पोलाद आले, जंगले व भट्ट्या गेल्या, आणि त्याबरोबर ती विद्याही गेली. लंडनला मात्र पंडित कारागिराच्या दुकानाची पायरी चढला. फरक पडला तो त्या पायरीपाशी. ज्ञान एका पिढीपुरते न उरता पुढे जायचे असेल, तर हात आणि लेखणी यांची गाठ पडावीच लागते. आपल्या गावच्या शिकलगाराला, लोहाराला, सुताराला जे ठाऊक आहे ते विचारून टिपून ठेवणे, हे इतिहासाचेच काम आहे. आणि त्यासाठी इतिहासकारच व्हावे लागते असे नाही.