फायटर : नर की मादी?

घरात फिशटँक नसलेल्या माणसानेही फायटर मासा पाहिलेला असतोच. दुकानात बाकीचे मासे मोठ्या टाकीत घोळक्याने फिरत असतात आणि हा एकटाच लहानशा बरणीत. निळा नाहीतर लालभडक, आणि पदरासारखे लोंबणारे पर. दोन नर एकत्र ठेवले तर एकमेकांच्या चिंध्या करतात, हेही सगळ्यांना माहीत असतं. म्हणूनच माझ्या भाच्याने विचारलं, "मावशी, मग मादी कशी ओळखायची?"

दुकानदाराचं उत्तर सोपं असतं. लांब पर तो नर, आखूड पर ती मादी. बहुतेक वेळा ते चालूनही जातं. पण मी थोडं वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की ह्या उत्तराला इतिहास आहे, आणि तो माशापेक्षा माणसाचाच जास्त आहे.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरं, कालवे, संथ उथळ पाणी ही त्याची जागा. कल्ल्यांखेरीज त्याच्या डोक्यात हवा घेण्याची वेगळी सोय असते. त्यामुळे वर येऊन श्वास घेत तो कोंदट पाण्यातही तगतो. थाई भाषेत त्याला 'प्ला कात' म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. लोकांनी तो पाळला तो झुंजीसाठी. त्यावर पैजा लागत. झुंज नरांची, त्यामुळे निवड नराची आणि कौतुकही त्याचंच. आता गंमत बघा, झुंजणाऱ्या माशाला लांब पर म्हणजे अडचणच! त्यामुळे तेव्हाच्या नराचे पर आखूडच होते. रानातल्या नराचे आजही आखूडच असतात.

युरोपीय शास्त्रज्ञांपर्यंत तो पोचला तोही लढवय्या म्हणूनच. थिओडोर कँटर हा डॅनिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. सयामच्या राजाने कुणाला तरी भेट दिलेले मासे त्याच्या हाती आले, असं सांगतात. १८४९ च्या सुमारास त्याने त्यांच्याबद्दल लिहिलं आणि नाव लावलं 'पग्नॅक्स', म्हणजे भांडखोर. पुढे १९१० मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रीगनने दाखवून दिलं, की ते नाव दुसऱ्याच जातीचं आहे. मग आपल्या फायटरला 'बेट्टा स्प्लेंडेन्स', म्हणजे तेजस्वी, हे नाव मिळालं. 'भांडखोर' हे नाव ज्या जातीकडे राहिलं तिच्यातला नर अंडी तोंडात धरून सांभाळतो. नावं कुणाला कशी चिकटतील, सांगता येत नाही!

पदरासारखे पर आले ते हौशी पैदासकारांमुळे. विसाव्या शतकात हा मासा झुंजीपेक्षा शोभेसाठी जास्त वाढवला जाऊ लागला. मोठ्या परांचा नर निवडायचा, त्याच्या पिल्लांतला आणखी मोठ्या परांचा निवडायचा, असं पिढ्यानपिढ्या चाललं. १९८० च्या दशकात अर्धचंद्रासारखं शेपूट आलं, १९९० च्या दशकात इंडोनेशियात मुकुटासारखं. म्हणजे ज्या खुणेवरून आपण नर ओळखतो, ती माणसानेच घडवलेली आहे. आणि आता तीच फसवते. आखूड परांचे 'प्ला कात' नर पुन्हा बाजारात आले आहेत, आणि शोभेच्या जातींतल्या काही माद्यांचे पर चांगलेच मोठे असतात.

मग खरी खूण कोणती? मादीच्या पोटाखालच्या परांच्या मागे एक पांढरा ठिपका दिसतो. अंडी बाहेर येतात ती तिथून. विणीला तयार झाली की तिच्या अंगावर उभे पट्टे उमटतात. नर चिडून कल्ल्यांची झाकणं फुगवतो तेव्हा खालून दाढीसारखा पडदा बाहेर येतो. मादीलाही तो असतो, पण लहान. कोवळ्या नरालाही कधीकधी पांढरा ठिपका दिसतो, म्हणून पिल्लांच्या बाबतीत घाई करू नये. चूक झाली तर माशाच्या जिवावर बेतते.

वागण्यातली खूण मला सगळ्यात आवडली. पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो तो नर. मादीने टाकलेली अंडी तोंडाने उचलून घरट्यात ठेवायची, खाली पडलेली पुन्हा वर न्यायची, पिल्लं पोहायला लागेपर्यंत राखण करायची, सगळं बाबाच करतात. माणसांनी मात्र शतकानुशतकं त्याची झुंजच पाहिली.

आणि इतकं करून नर-मादी हा भेद तरी पक्का आहे का? १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या नोबल आणि कुम्फ ह्यांनी काही माद्यांचे अंडाशय काढले, तर त्यांतल्या काही चक्क नर झाल्या. १९७५ मध्ये लो आणि लार्किन ह्यांनाही हेच दिसलं. २०२२ मध्ये ९८ माशांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. शोभेच्या माशांत नर घडवण्यात 'डीएमआरटी१' ह्या जनुकाचा मुख्य वाटा असतो, पण रानटी माशांत त्याचा प्रभाव कमी पडतो, असं त्यात आढळलं. माणूस हा मासा निदान हजार वर्षं पाळतोय, असाही अंदाज आहे.

हे वाचून मी जरा थबकले. पर आणि रंग आपण बदलले हे समजण्यासारखं आहे. पण नर कसा ठरतो, इथपर्यंत आपल्या पाळण्याचा हात पोचला असेल का? थायलंडने २०१९ मध्ये ह्या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तिथल्या खाचरांतले आखूड परांचे मूळचे मासे टिकायला हवेत, ते मला ह्यासाठीच वाटतं. आपण काय काय बदललं हे ताडून पाहायला दुसरं काही आपल्याकडे नाही.