औषधशोधातील जिवंत पेशीची साक्ष : पिंपरीच्या हॅमायसिनच्या निमित्ताने

रसायनशास्त्रज्ञाच्या तराजूस जे उमगत नाही ते जिवंत पेशीस उमगते, या अनुभवावर प्रतिजैविकांचा सारा शोध उभा आहे. १९२८ साली फ्लेमिंग यांच्या बशीतील जंतू बुरशीभोवती विरून गेले. पेनिसिलिनची पहिली वार्ता दिली ती त्यांनीच. त्याची रासायनिक रचना निश्चित होण्यास १९४५ साल उजाडावे लागले.

महाराष्ट्रात ही पद्धती रुजली ती पिंपरीस. तेथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने स्थापन झाला आणि पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. परंतु परक्यांनी शोधलेले औषध तयार करणे निराळे आणि स्वतः औषध शोधणे निराळे. हे दुसरे कार्य डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगीकारले. त्यांचे लक्ष मातीतील स्ट्रेप्टोमायसीस या सूक्ष्मजीवांवर होते. माणसारख्या अवर्षणी मुलखात पहिल्या सरीबरोबर जो मृद्गंध दरवळतो, तो बव्हंशी याच कुळाची करणी होय.

परीक्षेची रीत वरकरणी साधी. रोगकारक बुरशी मिसळलेला आगरचा थर बशीत ओतावयाचा, त्यातील खळग्यात मातीतील सूक्ष्मजीवाच्या वाढीचा द्रव घालावयाचा, आणि बशी उबेत ठेवावयाची. द्रवात गुण असेल तर खळग्याभोवती स्वच्छ वलय उमटते. त्याच्या व्यासावरून द्रव्याचे बळ मोजता येते. मोजपट्टी माणसाची, निवाडा मात्र पेशीचा! अशाच शोधातून स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या जातीपासून मिळालेले हॅमायसिन १९६१ साली जाहीर झाले. जातीच्या नावात पिंपरी आहे, तर औषधाच्या नावात कारखान्याची आद्याक्षरे.

तथापि पेशीची साक्ष तिच्यापुरतीच खरी असते. हॅमायसिन बुरशीच्या आवरणातील अर्गोस्टेरॉलला बिलगते आणि आवरण गळू लागते. मानवी पेशीच्या आवरणात त्याचेच भावंड असलेले कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे या वर्गातील औषधे रोग्यासही बाधू शकतात. हे मात्र बशीतील वलयास सांगता येत नाही. हॅमायसिन पाण्यात विरघळत नाही, हीही अडचण होती. परिणामी त्याचा उपयोग मुख्यतः त्वचा व श्लेष्मल पटल यांवर बाहेरून लावण्यापुरता राहिला. येथे शोधकांचे कौशल्य उणे पडले असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न विचारला होता तो बुरशीला, माणसाच्या पेशीला नव्हे.

हा दुसरा प्रश्न विचारण्याची साधने पुढे आली. १९६२ साली क्लार्क व लायन्स यांनी विकर आणि विद्युदग्र यांची सांगड घातली. त्यानंतरच्या दशकात विकराच्या जागी सबंध सूक्ष्मजीव आले. आज मानवी पेशी विद्युदग्रावर वाढवून, अथवा काजव्याचे जनुक तिच्यात घालून, औषधाचा परिणाम प्रवाहाच्या वा प्रकाशाच्या रूपाने वाचता येतो. पेशी मरेपर्यंत थांबावे लागत नाही. तिची नुसती चलबिचलही नोंदली जाते. अशा कार्यास लागणाऱ्या पेशींचे जतन व पुरवठा करण्यासाठी १९८६ साली पुण्यात जी राष्ट्रीय सुविधा निघाली, तीच आजचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र होय.