नदी काळी, पण उल्लंघन कुठे आहे? कँटनच्या कागद गिरणीचा परवाना कसा वाचायचा

औद्योगिक प्रदूषणाच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं की बहुतेक जण सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधायला लागतात: उल्लंघनांची यादी. कुठल्या गिरणीने कुठल्या साली किती वेळा मर्यादा ओलांडली, दंड किती झाला. तक्ता तयार झाला की प्रकरण झालं असं वाटतं. पण अशा तक्त्यात एक मोठी गफलत दडलेली असते. ती नीट समजावी म्हणून आज एकच प्रकरण घेऊ: अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं कँटन गाव, तिथली चॅम्पियन कंपनीची कागद गिरणी आणि तिच्या शेजारून वाहणारी पिजन नदी.

ही गिरणी 1908 साली सुरू झाली. डोंगरातून येणारी लहानशी नदी कँटनपर्यंत नितळ असायची आणि गिरणी ओलांडली की चहाच्या, कधी कॉफीच्या रंगाची व्हायची. कोरड्या दिवसांत नदीचं बहुतेक पाणी गिरणीतून फिरूनच पुढे जायचं. हेच पाणी पुढे राज्याची सीमा ओलांडून टेनेसीत, हार्टफर्ड आणि न्यूपोर्ट या गावांकडे जातं. पगार नॉर्थ कॅरोलिनात आणि काळं पाणी टेनेसीत, अशी ही वाटणी. पुढचा सगळा इतिहास या वाटणीभोवती फिरतो.

आधी रंगाचं बघू. लाकडात तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा पदार्थ असतो. पांढरा कागद हवा तर तो काढावा लागतो. लाकूड रसायनांत शिजवताना बराचसा निघतो, उरलेला ब्लीचिंगमध्ये. सांडपाण्याला गडद रंग येतो तो प्रामुख्याने याच लिग्निनमुळे. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत सेंद्रिय घाण बरीच कमी होते, पण हा रंग सहज जात नाही, कारण जिवाणूंना लिग्निन पचवणं जड जातं. म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र ठीक चाललंय, ऑक्सिजनचे आकडे मर्यादेत आहेत आणि तरी नदी काळी आहे, हे सहज शक्य होतं.

आता परवाना. 1972 च्या अमेरिकन स्वच्छ पाणी कायद्याने नियम केला की परवान्याशिवाय कुठल्याही पाइपातून नदीत प्रदूषक सोडता येणार नाही. परवाना साधारण पाच वर्षांचा. कुठला घटक किती, कुठे मोजायचा, किती वेळा मोजायचा, सगळं त्यात लिहिलेलं. मोजमाप गिरणी स्वतःच करते आणि अहवाल नियमितपणे सरकारला पाठवते. आकडा मर्यादेच्या वर गेला तर ते उल्लंघन. तिथून पायऱ्या सुरू होतात: नोटीस, प्रशासकीय आदेश, न्यायालयातला करार, दंड. मूळ कायद्यात दंडाची कमाल मर्यादा दिवसाला 10,000 डॉलर होती, 1987 मध्ये ती 25,000 झाली. नागरिकही 60 दिवसांची नोटीस देऊन थेट कोर्टात जाऊ शकतात. पण 1987 च्या ग्वाल्टनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पूर्णपणे भूतकाळात जमा झालेल्या उल्लंघनासाठी नागरिकांना दावा लावता येणार नाही. उल्लंघन चालू असायला हवं.

हे सगळं यंत्र एका गोष्टीवर चालतं: परवान्यात आकडा असावा लागतो. पिजनची अडचण नेमकी इथेच होती. परवाने देण्याचा अधिकार नॉर्थ कॅरोलिनाकडे होता आणि 1985 मध्ये या राज्याने गिरणीसाठी जो परवाना काढला त्यात रंगाची ठोस संख्यात्मक मर्यादाच नव्हती. मर्यादाच नसेल तर रंगाच्या रकान्यात उल्लंघन येणार कुठून? आज कोणी फक्त अहवालांचे आकडे चाळले तर न्यूपोर्टचे लोक इतकी वर्षं कशासाठी भांडत होते हेच त्याला कळणार नाही.

टेनेसीने स्वतःच्या कोर्टात दावा लावून पाहिला होता. पण 1986 मध्ये टेनेसीच्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्या राज्यात परवाना घेऊन चाललेल्या गिरणीला आपला कायदा लावता येणार नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निकाल दिला, इंटरनॅशनल पेपर विरुद्ध ऊलेट या खटल्यात. तिथेही कागद गिरणीच होती, न्यूयॉर्क राज्यातली, आणि तक्रारदार शेजारच्या व्हरमाँटचे. निकाल असा की नदी किंवा तळं ज्या राज्यात घाण होतं त्याचा नाही, तर जिथून घाण निघते त्या राज्याचा कायदा लागेल. खालच्या राज्याच्या हातात मग मुख्य रस्ता एकच उरतो: परवाना लिहिला जात असतानाच हरकत घ्यायची.

टेनेसीने तेच केलं. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नॉर्थ कॅरोलिनाच्या परवान्यावर हरकत घेतली आणि 1985 च्या अखेरीस या गिरणीपुरता परवान्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. कंपनी कोर्टात गेली, प्रकरण अपील कोर्टापर्यंत पोहोचलं, पण परवाना शेवटी ईपीएनेच काढला. वादाचा आकडा होता 50 रंग एकके.

या एककाचा इतिहासही मजेशीर आहे. ॲलन हेझन या अभियंत्याने 1892 मध्ये प्लॅटिनम आणि कोबाल्टच्या क्षारांचं पिवळसर द्रावण करून ही मोजपट्टी बनवली. पाण्याचा पिवळेपणा मोजायला बनवलेली ही पट्टी जवळजवळ शंभर वर्षांनी एका गावाच्या रोजगाराचा निकाल लावायला बसली. संशोधनात एखादं एकक दिसलं की ते कुणी, कशासाठी बनवलं हे बघायची सवय लावून घ्या.

1988 हे वर्ष सगळ्यात तापलेलं. जाहीर सुनावण्यांना प्रचंड गर्दी. कंपनीचं म्हणणं होतं की हा आकडा पाळायचा तर गिरणी बंद करावी लागेल. कँटनमधल्या सुमारे दोन हजार नोकऱ्या गिरणीवर होत्या, त्यामुळे कामगारांची भीती खरी होती, ती निव्वळ कंपनीने पढवलेली म्हणून सोडून देता येत नाही. दुसऱ्या बाजूला हार्टफर्डच्या लोकांना गावातले कर्करोगाचे मृत्यू नदीमुळे झाले असा संशय होता. त्याच सुमारास नदीतल्या माशांत डायॉक्सिन आढळलं आणि मासे खाऊ नका असे इशारे निघाले. क्लोरीनने ब्लीच करताना हे विष तयार होतं. म्हणजे वाद ज्या घटकावर पेटला होता तो रंग डोळ्यांना दिसत होता आणि जास्त घातक वस्तू डोळ्यांना दिसत नव्हती.

कंपनीला रंगाच्या नियमातून सवलत हवी होती. डिसेंबर 1988 मध्ये टेनेसीचे गव्हर्नर नेड मॅकव्हर्टर यांनी ती नाकारली. 1989 मध्ये ईपीएचा परवाना निघाला. त्यात 50 एककांची मर्यादा होती, पण मोजायची जागा होती राज्याची सीमा. गिरणीच्या पाइपापाशी नाही! मधल्या अंतरात उपनद्या मिळतात, पाणी विरळ होतं. टेनेसीत शिरताना नदी 50 च्या आत असली की झालं. त्याच नदीचा वरचा, नॉर्थ कॅरोलिनातला तुकडा मात्र या आकड्याच्या बाहेर राहिला.

आणि गिरणी बंद झाली का? नाही. 30 कोटी डॉलरहून जास्त खर्च करून ती आधुनिक झाली: लिग्निन काढायला ऑक्सिजन, ब्लीचिंगला क्लोरीनऐवजी क्लोरीन डायऑक्साइड. रंग कमी झाला, डायॉक्सिन घटलं आणि पुढे माशांवरचे इशारेही उठले. नोकऱ्याही घटल्या, हेही लिहायला हवं. टेनेसीतल्या जमीनमालकांच्या सामूहिक दाव्यात 1992 मध्ये जूरीचं एकमत झालं नाही आणि 1993 मध्ये 65 लाख डॉलरवर तडजोड झाली. नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूने रंगाची सवलत मात्र नंतरच्या परवान्यांतही वर्षानुवर्षं चालू राहिली. मालक बदलत गेले आणि 2023 मध्ये गिरणी खरंच बंद पडली, पण ती 50 एककांमुळे नव्हे, तर कंपनीच्या धंद्याच्या निर्णयाने.

मग तुमच्या कामासाठी यातून काय घ्यायचं? उल्लंघनांचा तक्ता करण्याआधी परवाना हाच मुख्य दस्तऐवज म्हणून वाचा आणि त्याला चार प्रश्न विचारा. कुठल्या घटकाला आकडा आहे आणि कुठल्याला नाही? मोजायची जागा कुठली आणि ती तिथेच का? मोजलं कुणी? सवलत कुणी मागितली, कुणी दिली? याबरोबर मसुद्यांच्या आवृत्त्या, हरकती आणि सुनावणीची इतिवृत्तं शोधा. अंतिम परवान्यात जे खोडलं गेलं ते तिथेच सापडतं.

आपल्याकडे हेच प्रश्न प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राला विचारता येतात. महाराष्ट्राने तर केंद्राच्या 1974 च्या जल कायद्याआधी, 1969 मध्येच, स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता. केंद्राच्या कायद्यात 1988 च्या दुरुस्तीने नागरिकांना 60 दिवसांच्या नोटिशीनंतर कोर्टात जायची वाट मिळाली. एखाद्या कारखान्याच्या सलग दहा-पंधरा वर्षांच्या संमतीपत्रांच्या अटी शेजारी शेजारी ठेवून बघा. कुठली अट कधी आली, कुठली कधी गुपचूप गळाली, एवढ्यावरच एका चांगल्या प्रबंधाचा प्रश्न उभा राहू शकतो.