उसने गीत, घरची स्थानके

रॉडी डॉइल यांची ‘द कमिटमेंट्‌स’ ही १९८७ मधील कादंबरी उत्तर डब्लिनच्या कामगारवस्तीतील एका धडपडणाऱ्या वाद्यवृंदाची कथा सांगते. हा वृंद स्वतःची गीते रचीत नाही. अमेरिकी कृष्णवर्णीयांचे सोल संगीत गातो. ‘बॅरीटाउन’ हे वस्तीचे नावदेखील स्टीली डॅनच्या १९७४ मधील गीतावरून घेतलेले. तेव्हा अनुकरणाची कहाणी म्हणून तिची बोळवण करणे सोपे आहे.

‘नाइट ट्रेन’च्या प्रसंगाशी मात्र हा निवाडा अडखळतो. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आवृत्तीत जेम्स ब्राउनने अमेरिकी शहरांची नामावळी पुकारली होती. कादंबरीतील गायक डेको तिच्या जागी डब्लिनच्या उपनगरी लोहमार्गावरील स्थानके घालतो आणि श्रोते उसळतात. आपल्या रोजच्या थांब्याचे नाव गाण्यात यावे, हेच त्यांना अपूर्व वाटते. पण ब्राउनचे गीतही मूळ नव्हे. जिमी फॉरेस्टने १९५१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच नावाच्या वाद्यरचनेवर ते उभे आहे. आणि ड्यूक एलिंग्टनच्या वृंदात वाजविलेल्या फॉरेस्टने तिची धून एलिंग्टनच्या १९४६ मधील ‘हॅपी-गो-लकी लोकल’मधून उचललेली. एलिंग्टनची गाडी दक्षिणेतली, गावोगाव थांबणारी साधी लोकल होती. ब्राउनने तिला दूर पल्ल्याची केली. डेकोने नकळत पुन्हा लोकल. परंपरेचे ज्ञान नसताना परंपरेच्या उगमाशी पोचण्याचा हा प्रकार ‘प्रभाव’ या संज्ञेत मावत नाही.

अर्थात ही उसनवारी निर्धोक नाही. वृंदाचा व्यवस्थापक जिमी रॅबिट आयरिश श्रमिकांचे अमेरिकी कृष्णवर्णीयांशी समीकरण मांडतो. वर्गाच्या अंगाने त्यात तथ्य आहे. परंतु सोलमागील वर्णभेदाचा इतिहास त्यात घोषणेपुरताच उरतो, आणि त्या घोषणेचे मोजमाप करणारे एकही कृष्णवर्णीय पात्र कादंबरीत नाही. हे न्यून काही टीकाकार समजतात तितके किरकोळ नव्हे.

डॉइल यांना त्याची अंधूक जाणीव असावी. वृंदाला सोलची दीक्षा देणारा जोई फेगन अमेरिकी दिग्गजांच्या साथीला वाजविल्याचे सांगत असतो. त्याच्या शब्दावरच सारा अधिकार तोललेला. अखेरीस वृंद फुटतो आणि जोई जो टेक्सच्या बोलावण्यावरून अमेरिकेस निघाल्याचे सांगतो. जो टेक्स १९८२ मध्येच वारला होता. जिमी तोवर नव्या वृंदाच्या तयारीला लागलेला असतो. या खेपेस उसने घ्यावयाचे ते कंट्री संगीत.